शनीत ५ अंश मिळवा, चंद्रातून ९ कला काढा! पायथनमधलं ‘सुपर’ समजून घ्यायचंय? मग पंचांगवाल्या गणेश दैवज्ञांची गोष्ट वाचा

जालना जिल्ह्यातल्या कुणालाही राजूरचा गणपती वेगळा सांगावा लागत नाही. अंगारकी आली की भोकरदन तालुक्यातल्या या गावाकडं लोक रात्रीच पायी निघतात. दिवसभर उपास, रात्री चंद्र दिसला की मोदक.

अंगारकी म्हणजे मंगळवारी आलेली संकष्टी, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती मंगळवारीच आहे हे ठरवतं कोण? नियम असा, की चंद्र उगवताना ज्या दिवशी वद्य चतुर्थी चालू असेल त्या दिवशी संकष्टी. आता समजा सोमवारी चंद्र उगवायची वेळ आणि चतुर्थी लागायची वेळ एकमेकींना अगदी खेटून आल्या. पंचांगाचं गणित पाव तासानं सरकलं, तर सोमवारची संकष्टी मंगळवारवर जाऊ शकते. म्हणजे साधी संकष्टी की अंगारकी, राजूरला गर्दी होणार की नाही, हे सगळं चंद्राच्या गणितातल्या एका बारीक आकड्यावर लटकलेलं.

असा एक आकडा ५०० वर्षांपूर्वी एका माणसानं बदलला. ९ कलांनी. कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. त्या माणसाचं नाव गणेश दैवज्ञ.

आणि हा बदल त्यांनी ज्या पद्धतीनं केला, ती पद्धत आज पायथन शिकणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या महिनाभरात छळते. वडिलांच्या क्लासकडून आलेली मेथड बदलायची, पण वडिलांचं काम फेकूनही द्यायचं नाही. कोडमध्ये याला ओव्हरराइड करणं म्हणतात, आणि वडिलांना हाक मारण्यासाठी ‘सुपर()’ असतं. क्लासेसमध्ये हे शिकवताना कुत्रा, मांजर आणि प्राणी यांचं उदाहरण देतात. कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करते, आणि पोरांना प्रश्न पडतो की याचा उपयोग काय. गणेश दैवज्ञांकडं खरा उपयोग आहे.

आधी माणूस समजून घेऊ.

त्यांचं जन्मसाल १५०७ मानलं जातं. गाव नंदिग्राम. मराठी परंपरेत हे गाव म्हणजे कोकणातलं मुरुड-जंजिऱ्याजवळचं नांदगाव. काही परदेशी अभ्यासकांनी ते गुजरातमधलं नांदोद धरलंय, पण शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या आपल्या मोठ्या मराठी ग्रंथात कोकणातलंच नांदगाव सांगितलंय. आपण दीक्षितांच्या बाजूनं.

वडील केशव दैवज्ञ. हे स्वतः मोठे ज्योतिषी. १४९६ सालाचा आरंभ धरून त्यांनी ‘ग्रहकौतुक’ नावाचा ग्रंथ केला. आणि या माणसाला एक खोड होती, जी त्या काळात सगळ्यांना नव्हती. ते पुस्तकातलं गणित करून गप्प बसायचे नाहीत. रात्री वर बघायचे. पुस्तक म्हणतं गुरू इथं असेल, प्रत्यक्षात गुरू कुठं आहे? किती अंशांचा फरक पडतोय? हे त्यांनी लिहून ठेवलं, आणि पुढच्यांनीही आकाश बघून आकडे दुरुस्त करावेत असं सांगून ठेवलं.

घरातली एक दंतकथा सांगितली जाते. केशवांनी सांगितलेल्या ग्रहणाची वेळ चुकली, सत्ताधाऱ्यानं त्यांचं हसं केलं, मग त्यांनी गावातल्या गणपतीपुढं तप केलं आणि देव म्हणाला की मीच तुझ्या पोटी येऊन हे गणित नीट करतो. म्हणून मुलाचं नाव गणेश. दंतकथा दंतकथेच्या जागी. पण तिच्यातली चुकलेल्या वेळेची लाज मात्र खरी वाटते. सगळ्या गावाला नदीवर स्नानाला उभं केलं आणि ग्रहण लागलंच नाही, तर ज्योतिषाचं तोंड कसं होईल, विचार करा.

गणेश वडिलांपाशीच शिकले. आणि १५२० सालाचा, म्हणजे शके १४४२ चा आरंभ धरून त्यांनी ‘ग्रहलाघव’ लिहिलं. जन्मसाल आणि हे साल दोन्ही धरलं तर वय निघतं १३. यावर लोक थक्क होतात. मला जरा सावधच राहावंसं वाटतं, कारण ग्रंथाचा आरंभशक आणि तो लिहून पुरा झाल्याचं वर्ष एकच असतं असं नाही. पण पोरगं वयानं लहान होतं, हे नक्की.

आता मुख्य भानगड इथं आहे.

त्या काळी ग्रहगणिताची तीन मोठी घराणी होती. त्यांना पक्ष म्हणत. सूर्यसिद्धान्ताला मानणारा सौरपक्ष. आर्यभटांच्या परंपरेतला आर्यपक्ष. आणि ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्या परंपरेतला ब्राह्मपक्ष. तिघांचं गणित साधारण एकाच साच्याचं, पण आकडे थोडे थोडे वेगळे. वर्षागणिक हा फरक साचत जातो आणि काही शतकांनी ग्रह पुस्तकात एकीकडं, आकाशात दुसरीकडं.

बहुतेक लोक काय करायचे? ज्या पक्षात जन्मलो त्या पक्षाचं गणित डोळे मिटून. घराण्याचा प्रश्न असतो ना.

गणेश दैवज्ञांनी तसं केलं नाही. त्यांनी ग्रहलाघवात सरळ सांगून टाकलं की कुठला ग्रह मी कुठून घेतलाय. सूर्य सौरपक्षाचा, जशाचा तसा. चंद्राचं उच्च (चंद्राच्या कक्षेतला सगळ्यात लांबचा बिंदू) तेही सौरपक्षाचं. चंद्र सौरपक्षाचाच, पण ९ कला कमी करून. मंगळ, गुरू आणि राहू आर्यपक्षाचे. शनी आर्यपक्षाचा, पण ५ अंश मिळवून. बुधाचं केंद्र, म्हणजे गणितात लागणारा त्याचा कोन, ब्राह्मपक्षाचं. आणि शुक्राचं केंद्र? ब्राह्मपक्ष आणि आर्यपक्ष यांच्या बरोबर मधलं. असे घेतले तर ते आकाशाशी जुळतात, एवढंच कारण दिलं.

हे सगळं एकाच श्लोकात बसवलंय. पायथन येणाऱ्या माणसानं तो समजून घेतला तर त्याला समोर कोडच दिसायला लागेल.

कसं ते बघू. क्लास म्हणजे एक घराणं. त्या घराण्याची कामं करायची पद्धत म्हणजे मेथड. सौरपक्ष हा एक क्लास, त्यात सूर्य, चंद्र, शनी अशा मेथड. दिवस द्या, ग्रहाची जागा अंशात मिळेल. ग्रहलाघव हा त्याचा मुलगा. मुलाच्या क्लासमध्ये काहीच लिहिलं नाही तरी वडिलांच्या सगळ्या मेथड त्याला आपोआप मिळतात. यालाच इनहेरिटन्स म्हणतात, आपल्या भाषेत वारसा.

खालचं कोड वाचायला सोपं जावं म्हणून सगळं देवनागरीत लिहिलंय. कॉम्प्युटरवर करताना क्लास, डेफ, रिटर्न, सुपर हे शब्द आणि आकडे रोमन लिपीतच टाकावे लागतील. पण चंद्र, शनी, दिवस ही नावं तुम्ही खरोखर देवनागरीत ठेवू शकता, पायथन ३ ला ती चालतात. करून बघा, मजा येते.

क्लास सौरपक्ष:
    डेफ सूर्य(सेल्फ, दिवस): ...
    डेफ चंद्र(सेल्फ, दिवस): ...
    डेफ शनी(सेल्फ, दिवस): ...
    डेफ तिथी(सेल्फ, दिवस):
        अंतर = (सेल्फ.चंद्र(दिवस) - सेल्फ.सूर्य(दिवस)) % ३६०
        रिटर्न अंतर // १२ + १

क्लास ग्रहलाघव(सौरपक्ष, आर्यपक्ष, ब्राह्मपक्ष):
    डेफ चंद्र(सेल्फ, दिवस):
        रिटर्न (सुपर().चंद्र(दिवस) - ९/६०) % ३६०
    डेफ गुरू(सेल्फ, दिवस):
        रिटर्न आर्यपक्ष.गुरू(सेल्फ, दिवस)
    डेफ शनी(सेल्फ, दिवस):
        रिटर्न (आर्यपक्ष.शनी(सेल्फ, दिवस) + ५) % ३६०

(तीन टिंबांच्या जागी त्या त्या पक्षाचं गणित आहे असं समजा. आर्यपक्ष आणि ब्राह्मपक्ष हे क्लासही असेच आधी लिहिलेले हवेत.)

मुलाच्या क्लासमध्ये सूर्य नाही, दिसलं का? विसरलेला नाही. वडिलांचा सूर्य बरोबर होता, म्हणून त्याला हातच लावला नाही. ओव्हरराइड शिकल्यावर नव्या पोरांना सगळंच पुन्हा लिहायची खाज सुटते. जे बरोबर चाललंय ते मुलाच्या क्लासमध्ये लिहायचंच नसतं.

आता चंद्र. मुलानं चंद्र नावाचीच मेथड लिहिली, की वडिलांची त्याच नावाची मेथड झाकली जाते. हे झालं ओव्हरराइड. पण आत ‘सुपर().चंद्र(दिवस)’ आहे. याचा अर्थ, वडिलांनी काय उत्तर काढलं असतं ते आधी विचार, मग त्यातून ९ कला वजा कर. हजारो वर्षांचं चंद्राचं गणित पुन्हा लिहायची गरज नाही. फक्त आपला फरक लिहायचा.

इथं ‘सुपर()’ च्या जागी चुकून ‘सेल्फ’ लिहिलं तर? चंद्र स्वतःलाच विचारेल की चंद्र कुठाय, तो पुन्हा स्वतःला विचारेल, आणि साधारण हजार वेळा विचारल्यावर पायथन रिकर्शनएरर म्हणून हात वर करेल. ही चूक प्रत्येक जण एकदा करतोच. मीही केलीय.

शनीकडं बघा. तिथं मी ‘सुपर()’ वापरलेलं नाही, आर्यपक्षाचं नाव घेऊन हाक मारलीय. का? कारण ग्रहलाघवाला तीन वडील आहेत आणि कंसात पहिला सौरपक्ष आहे. पायथन वडिलांची एक रांग लावतं आणि त्या रांगेतल्या पुढच्याला विचारतं. ‘सुपर().शनी’ म्हटलं असतं तर सौरपक्षाचा शनी मिळाला असता. त्यात ५ अंश मिळवले असते तर कोड विनातक्रार चाललं असतं आणि उत्तर चुकलं असतं. एरर न देता चुकणारं कोड हे सगळ्यात वाईट. दीडशहाणा नोकर परवडतो, पण गप्प बसून चुकीचं काम करणारा नाही. रांग बघायची असेल तर क्लासवर ‘एमआरओ’ विचारता येतं, पायथन अख्खी यादी देतं.

आणि ते शेवटचं ‘% ३६०’. शनी ३५८ अंशांवर असेल आणि ५ मिळवले तर ३६३ होतात. पण वर्तुळात ३६३ नाही, ३ अंश. शुक्राची तर आणखी गंमत. दोन पक्षांची बेरीज करून दोननं भागायचं, एवढं सोपं वाटतं. पण एकाचं उत्तर ३५९ आलं आणि दुसऱ्याचं १, तर सरासरी येते १८०. खरं उत्तर शून्य, आणि आपण शुक्र आकाशाच्या थेट दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला! म्हणून शुक्राची मेथड मी वर लिहिलेली नाही. ती तुम्ही लिहा. आधी दोघांमधला फरक काढा, तो जवळच्या बाजूनं मोजा, मग त्याचा अर्धा पहिल्यात मिळवा.

आता पुन्हा राजूरला येऊ, कारण सगळ्यात सुंदर भाग तिथीचा आहे.

तिथी म्हणजे काय? चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढं गेला की एक तिथी संपते. वरच्या कोडमध्ये ही मेथड फक्त वडिलांच्या क्लासमध्ये आहे. मुलानं तिला शिवलेलंही नाही. तरीही ग्रहलाघवाकडं तिथी मागितली की ती बदललेली मिळते. कारण वडिलांच्या तिथीमध्ये ‘सेल्फ.चंद्र’ लिहिलंय, आणि सेल्फ म्हणजे ज्याला आत्ता विचारलंय तो. मुलाला विचारलं असेल तर चंद्रही मुलाचाच वापरला जातो. वडिलांचा कागद, आत मुलाचा आकडा.

किती फरक पडतो? चंद्र सूर्यापेक्षा दिवसाला सरासरी १२ अंशांहून किंचित जास्त पुढं सरकतो. ९ कला म्हणजे ०.१५ अंश. भागाकार केला तर येतात सुमारे १८ मिनिटं. म्हणजे या एका बदलानं प्रत्येक तिथी सरासरी १८ मिनिटं उशिरा लागणार आणि उशिरा संपणार. (खऱ्या पंचांगात चंद्राला आणखी संस्कार करून मग तिथी काढतात, पण मूळ सरक एवढीच.) सोमवारी चंद्र उगवायच्या आधी १० मिनिटं लागणारी चतुर्थी आता उगवल्यानंतर ८ मिनिटांनी लागणार. उपास कुणी, कधी करायचा, एकादशी आज की उद्या, श्राद्ध कुठल्या दिवशी, सगळं या आकड्याला बांधलेलं. असल्या बदलासाठी छाती लागते.

काही ठिकाणी मात्र त्यांनी वडीलधाऱ्यांना हाकच मारली नाही. सगळ्या जुन्या ग्रंथांत ग्रहाची नेमकी जागा काढायला ज्या लागायची, म्हणजे आजच्या शाळेतलं साइन. त्याचं कोष्टक पाठ करा, मधले आकडे काढा, डोकं फिरायचं काम. ग्रहलाघवात ज्या जवळजवळ सगळीकडून हद्दपार. तिच्या जागी साधे गुणाकार-भागाकार, ज्यांचं उत्तर पुरेसं जवळ येतं. कोडच्या भाषेत हे पूर्ण ओव्हरराइड. नाव तेच, आत वडिलांची एक ओळ नाही.

दिवस मोजायची पद्धतही अशीच मोडली. कलियुगाच्या आरंभापासून मोजायचं तर १५२० साली दिवसांचा आकडा १६ लाख ८७ हजारांच्या वर जातो. एवढ्या मोठ्या आकड्याचे गुणाकार धूळपाटीवर कोण करणार? त्यांनी ११ वर्षांचं एक चक्र धरलं. ११ वर्षांचे १३२ महिने आणि ४ अधिक महिने, मिळून १३६ चांद्रमास, म्हणजे ४०१६ दिवस. किती चक्रं झाली ते मोजा, प्रत्येक चक्रामागं ग्रहात किती फरक पडतो तो आकडा तयार दिलेला आहे, आणि राहिलेल्या दिवसांचं गणित करा. राहिलेले दिवस ४०१६ च्या वर कधीच जात नाहीत. नावाप्रमाणं लाघव.

पुढं १५२५ साली त्यांनी तिथीची तयार कोष्टकं दिली, ‘लघुतिथिचिंतामणी’. आता पंचांग करणाऱ्याला गणितही फारसं उरलं नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीवर १५४५ साली ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली, आणि त्यात सूत्रं का खरी आहेत हे समजावून सांगितलं. लीलावतीच्या अभ्यासकांना ती आजही लागते.

जिथं त्यांचं चुकलं असं मला वाटतं, तेही सांगतो. ज्याऐवजी आणलेले ते सोपे गुणाकार-भागाकार कुठून आले, हे ग्रहलाघवात नीट सांगितलेलं नाही. श्लोकात कृती आहे, कारण नाही. ते काम दुसऱ्यांना करावं लागलं. गणेश दैवज्ञांचे एक शिष्य होते दिवाकर, गोदाकाठच्या गोलग्रामचे. जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा ज्या नदीनं आखलीय, तीच ही गोदावरी. त्या काळी हा पट्टा ज्योतिषांचाच होता. परतूरहून फार लांब नसलेल्या पाथरीला, तेव्हाच्या पार्थपुरात, ज्ञानराजांनी १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ लिहिलं होतं. तर या दिवाकरांच्या मुलांपैकी मल्लारींनी ग्रहलाघवातल्या एकेका कृतीची उपपत्ती मांडली आणि विश्वनाथांनी आकडे घालून उदाहरणं सोडवून दाखवली. कोड एकानं लिहायचं आणि कॉमेंट दुसऱ्या पिढीनं, ही आपली जुनीच सवय दिसते.

आणखी एक आक्षेप नंतर घेतला गेला. ग्रंथ इतका सोपा झाला, की लोकांनी मूळ सिद्धान्त वाचणंच सोडलं. मुलाचा क्लास आयता मिळाल्यावर वडिलांच्या क्लासची फाईल कोण उघडतो? मला हा दोष गणेश दैवज्ञांच्या माथी मारणं पटत नाही. त्यांनी तर कुठला आकडा कुणाकडून आला हे नावानिशी लिहून ठेवलं होतं. फाईल उघडायची की नाही, हे वाचणाऱ्याचं काम.

१५५२ साली, पंचेचाळिशीत, त्यांनी ‘बृहत्तिथिचिंतामणी’ केली. त्यात त्यांनी आपल्या आधीच्यांची वंशावळच मांडली. अमक्याचं गणित त्याच्या काळात जुळत होतं, मग ढिलं पडलं, मग तमक्यानं नीट केलं, पुन्हा ढिलं पडलं, असं करत करत ते वडिलांपर्यंत आले. केशवांनी दुरुस्त केलं, तेही सरकलं, मग मी केलं. आणि माझंही ढिलं पडेल तेव्हा पुढच्यांनी आकाश बघून नवं करावं, असं सांगून मोकळे झाले. वडिलांनी जे सांगितलं होतं तेच. १५५४ सालची ‘विवाहवृंदावन’ या ग्रंथावरची टीका हे त्यांचं शेवटच्या काळातलं काम.

त्यांचं ढिलं पडलंच. पण व्हायला वेळ लागला. तीनशेहून जास्त वर्षं मराठी मुलखातली पंचांगं ग्रहलाघव आणि तिथिचिंतामणीवरून निघत राहिली. १९ व्या शतकापर्यंत फरक डोळ्यांना दिसण्याइतका वाढला होता. मग केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली, युरोपीय वेधांवरच्या आकड्यांनी. त्यावरून १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागलं. सूर्य बदलला, चंद्र बदलला, सगळे ग्रह बदलले. जुन्या आणि नव्या पंचांगवाल्यांची भांडणं पुढं कित्येक वर्षं चालली, कारण एकाच गावात दोन दिवशी एकादशी व्हायला लागली.

आज राजूरच्या रस्त्यावर चालणारा माणूस मोबाईलवर चंद्रोदय बघतो तेव्हा त्यामागचा चंद्र ना सौरपक्षाचा असतो ना ग्रहलाघवाचा. ९ कलांची ती दुरुस्ती कधीच गळून गेलीय. तिथी मात्र अजूनही चंद्रातून सूर्य वजा करून, १२ नं भागूनच काढतात. त्या मेथडला अजून कुणी ओव्हरराइड केलेलं नाही.